रक्ताचा कागद आणि पोटाचे दुखणे



आज पोटदुखीविषयी चार शब्द सांगतो. आम्ही मास्तर. जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. पण स्वतःच्या रक्ताचा कागद काही आम्हाला नीट वाचता आला नाही.

दोन वर्षे आमच्या पोटात आग पडे. उपाशीपोटी फार दुखे. सोडा पिऊन दिवस ढकलले. मग रक्त तपासले. अंगात सूज दिसत नाही, असे कागदावर आले. आम्ही म्हटले, चला, आपल्याला काही नाही! पुढे एके दिवशी परसाकडे डांबरासारखे काळे झाले. जठरातल्या जखमेतून रक्त जात होते.

मग कागद खोटा होता का? नाही. त्याचा अर्थ आम्ही चुकीचा लावला.

ही तपासणी कशी करतात? रक्त उभ्या नळीत तासभर ठेवतात. तांबड्या पेशी किती खाली बसल्या, ते मोजतात. गढूळ पाण्यात तुरटी फिरवली की गाळ एकमेकाला चिकटतो आणि लवकर बसतो. अंगात सूज असली की पेशींचेही तसेच होते. दुसरी तपासणी सीआरपीची. सूज आली की यकृत हा पदार्थ रक्तात जास्त सोडते.

पण पोटातला जंतू लबाड! त्याचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. तो जठराच्या अस्तराला धरून राहतो. तिथे सूज असते, पण रक्तात पुष्कळदा ती दिसतच नाही. दिसली तरी ती कुठली, हे कळत नाही. लांबून धूर दिसला, तर कोणाची गंजी पेटली हे सांगता येते का?

ऑस्ट्रेलियात वॉरेन आणि मार्शल या डॉक्टरांनी हा जंतू शोधला. १९८४ साली मार्शल यांनी तो स्वतः पिऊन पाहिला. त्यांच्या जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

हा जंतू श्वासाच्या किंवा शौचाच्या तपासणीत सापडतो. दुर्बीण घालूनही सापडतो. आमचा तसाच सापडला. औषध बहुधा १४ दिवसांचे असते. बरे वाटले म्हणून मध्येच सोडू नका. जंतू उरतो.

काळे परसाकडे झाले, रक्ताची उलटी झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. कागद चांगला आहे म्हणून आम्ही घरी बसलो. तुम्ही बसू नका.