मिसळणाच्या डब्यातील औषधे
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



या मंगलप्रसंगी आरोग्याविषयी दोन शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली. मी बी.कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. वैद्यकाचा अधिकार माझा नाही. म्हणून आपल्या स्वयंपाकघरातील मिसळणाच्या डब्यापुरतेच बोलतो.

या डब्यातील जिरे, धने, ओवा, बडीशेप आणि हिंग ही सारी एकाच ताग्यातील वस्त्रे आहेत. वनस्पतिशास्त्रात या कुळास ‘एपिएसी’ म्हणतात. परदेशी सेलरीही याच कुळातील. छत्रीसारखा फुलोरा ही या कुळाची खूण आणि सुगंधी तेल हे त्याचे धन. ओव्याच्या तेलातील थायमॉल जंतुनाशक आहे. जिरे व बडीशेप परंपरेने पाचक आणि वातहारक मानली जातात. बाळंतिणीस आपण देतो त्या बाळंतशेपेचे गोत्रही हेच. आयुर्वेदातील हिंग्वाष्टक चूर्णाच्या आठ घटकांपैकी हिंग, जिरे, शहाजिरे व अजमोदा हे चार याच कुळातील आहेत. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्या आपल्या घरांत वरणाला हिंगाची फोडणी का असते, हे यावरून ध्यानी येईल.

मात्र याच कुळात विषही आहे. इ.स.पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दिलेले हेमलॉक याच कुळातील होते. म्हणून रानातील अनोळखी पाला औषध म्हणून कधीही घेऊ नये.

आता स्वतःची एक चूक सांगतो. २०१६ साली, दिवाळीच्या गर्दीत, दुकानात माझी छाती भरून आली व घाम सुटला. वायू धरला असे समजून मी ओवा आणि काळे मीठ चघळत दोन तास गादीवरच बसून राहिलो. अखेर चिरंजीव म्हणाले, “पप्पा, दुकान राहू द्या, आधी उठा!” तो हृदयविकाराचा झटका होता. डॉक्टरांनी पुढे समजावले, की ओव्याने अपाय केला नाही. त्याच्या भरवशावर दवडलेल्या वेळेने केला.

म्हणून हात जोडून विनंती करतो. जेवणानंतरच्या साध्या पोटफुगीस ओव्याची चिमूट जरूर घ्यावी. परंतु छातीत दाब, दरदरून घाम, हाताकडे वा जबड्याकडे सरकणारी कळ जाणवल्यास डबा उघडू नये; तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. गर्भवती भगिनींनी व रक्त पातळ करण्याची औषधे घेणाऱ्यांनी चूर्ण-काढे डॉक्टरांना विचारूनच घ्यावेत. सहा महिन्यांच्या आतील बाळास आईच्या दुधाव्यतिरिक्त ओव्या-शेपेचे पाणीही देऊ नये.

आजीने सोपविलेला हा डबा आपण आदराने जपूया; त्याची मर्यादाही पुढच्या पिढीस सांगूया. बोलण्यात काही अधिक-उणे झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र!