बहादूर आणि आमचं नासुद

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. मध्येमध्ये झालेला गोंधळ आणि शिट्ट्या वगळून बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी विषय दिला, 'माझा लहानपणीचा हिरो'. माझ्याआधी बोलणाऱ्यांनी कपिलदेव घेतला, अमिताभ घेतला. मी ज्याच्याबद्दल बोलणार आहे तो आज कुणाच्या मुलांना माहीत नाही. घरी मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "बाबा, बहादूर म्हणजे आपल्या सोसायटीचा वॉचमन का?" तेव्हा आधी त्याची ओळख करून देतो.

इंद्रजाल कॉमिक्स आठवतं ना? टाइम्स ऑफ इंडियावाल्यांचं. १९६४ ला सुरू झालं, वेताळाच्या गोष्टीने. आपण वाचायला लागलो तेव्हा ते दर आठवड्याला निघत होतं. पुंडलिकनगरात तेव्हा घरं कमी आणि मोकळे प्लॉट जास्त, पुस्तकाचं दुकान कुठून असणार? कुणी बसस्टँडवरून आणायचं, कुणी गुलमंडीकडे गेलं की रद्दीतून, आणि मग एक अंक दिवसाला चार आणे भाड्याने वर्गभर फिरायचा. कधी मराठी अंक मिळायचा, कधी हिंदी. आपल्याला दोन्ही सारखेच. शेवटचं पान मात्र हमखास फाटलेलं असायचं, त्यामुळे निम्म्या गोष्टींचा शेवट मी आजवर वाचलेला नाही.

त्यात वेताळ होता, मॅन्ड्रेक होता, फ्लॅश गॉर्डन होता. सगळे परदेशी. आणि १९७६ मध्ये त्यांच्यात आपला एक माणूस आला. आबिद सुरतींनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी काढलेला बहादूर. भगवा कुर्ता आणि खाली जीन्स. ही जोडी पाहून मी आईकडे भगव्या कुर्त्याचा हट्ट धरला होता. आई म्हणाली, "बुवा व्हायचंय का तुला?"

बहादूरचा बाप भैरवसिंह हा डाकू. तो पोलिसांच्या गोळीने मेला. पोरगा सूड घ्यायला निघाला होता, पण विशाल नावाच्या पोलीस अधिकाऱ्याने त्याला मार्गावर आणलं. वेताळाची गोष्ट आठवा. तिथे बाप मेला की मुलगा बापाचाच पोशाख चढवतो, बापाचीच शपथ घेतो, म्हणून जंगलातल्या लोकांना वाटतं हा अमर आहे. बहादूर नेमका उलटा. त्याने बापाचा वारसा नाकारला आणि स्वतःचं काही उभं केलं. काय उभं केलं? नागरिक सुरक्षा दल. नासुद. गावातल्या साध्या माणसांना गोळा करून, त्यांना शिकवून, डाकूंच्या समोर उभं केलं. बेला होती, लखन होता. बेला नुसती नटून उभी राहणारी नव्हती, मारामारीत बरोबरीने असायची. वर्गातल्या मुलींना नासुदमध्ये जागा मिळाली ती बेलामुळे, हे इथे बसलेल्या दोघी-तिघी सांगतील.

तो काळच चंबळच्या डाकूंचा होता. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांसमोर शेकडो डाकूंनी शस्त्रं खाली ठेवली होती. १९७५ ला 'शोले' आला. पण 'शोले'त ठाकूर काय करतो? बाहेरून दोन भाडोत्री गडी आणतो. गाव आपलं बघत बसतं. बहादूरमध्ये गाव स्वतः उठतं. मला हा फरक फार मोठा वाटतो. लहानपणी तो शब्दांत कळत नव्हता, पण खेळताना बरोबर कळत होता. वेताळ-वेताळ खेळायचं तर एकच पोरगा वेताळ होतो, बाकीच्यांनी मार खायचा. बहादूर खेळायचं तर दहा जण लागतात आणि दहाही जणांना काम असतं. त्याच्याकडे शक्ती कसलीच नाही. उडत नाही, अदृश्य होत नाही. चार माणसं त्याचं ऐकतात, एवढीच त्याची शक्ती. चार माणसं ऐकेनाशी झाली की तो संपला.

मग तो खरंच संपला. १९९० मध्ये इंद्रजाल बंद पडलं. आपली दहावीची परीक्षा आणि इंद्रजाल एकाच वर्षी आटोपले. लोक म्हणतात टीव्हीने मारलं. खरं आहे, रविवारी सकाळी 'रामायण' आणि मग 'महाभारत' सुरू झाल्यावर कॉमिक्स कोण उघडणार? हिंदीत राज कॉमिक्सचा नागराज आला होता, त्याच्या अंगातून साप निघायचे. सुपर कमांडो ध्रुव आला, त्यालाही कसली जादू नव्हती आणि त्याचीही कमांडो फोर्स होती. म्हणजे पोरांना टोळीचा नायक नकोसा झाला होता असं नाही.

मला दुसरं एक कारण वाटतं. बहादूरच्या गोष्टीत डाकू बाहेरून येतो. घोड्यावर बसून, बेहडांतून. गाव एका बाजूला, डाकू दुसऱ्या बाजूला. १९८८ च्या मे महिन्यात आपल्या शहरात दंगल झाली, संचारबंदी लागली. आठवीची सुट्टी होती. आमच्या गल्लीत मोठी माणसं रात्री काठ्या घेऊन गस्त घालायची. मी गच्चीवरून पाहिलं आणि मला वाटलं, हेच नासुद! सकाळी वडिलांना विचारलं, "कुणापासून राखण करता?" वडील काही बोलले नाहीत. चहा पीत राहिले. पलीकडच्या वस्तीतही लोक तशाच काठ्या घेऊन जागे होते, हे मला बरंच नंतर कळलं. त्या सुट्टीनंतर बहादूरचा अंक हातात घेतला तरी पूर्वीसारखी मजा आली नाही.

पण आज मला बोलायचंय ते आमच्या नासुदबद्दल. वर्गात आमचा एक बहादूर होता. नाव घेत नाही, तुम्हाला माहीत आहे. (हशा.) भगवा कुर्ता त्याच्याकडेही नव्हता, एका बाहीला ठिगळ असलेला शाळेचाच शर्ट असायचा. मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळावर ढकलाढकली व्हायची, ती त्याने बंद केली. पाचवीची लेकरं आधी, मग बाकीचे. कुणाला मारलं नाही, नुसता नळाशी उभा राहायचा. आम्ही दहा जण त्याचे शिपाई.

आठवीत, फेब्रुवारीत, खेळता खेळता शाळेच्या टाकीचा पाइप तुटला. भरलेली टाकी रिकामी झाली. या शहरात पाण्याची किंमत मी तुम्हाला सांगायला नको, आपण अजूनही नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार ते विचारून पाहुणे बोलावतो. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळी विचारणा झाली, "कुणी केलं?" तो रांगेतून पुढे आला. "आणखी कोण होतं?" तो म्हणाला, "मी एकटाच." आम्ही दहाही जण खाली मान घालून उभे. त्याला छड्या बसल्या, वडिलांना बोलावलं, दुरुस्तीचे पैसे भरायला सांगितलं. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो नव्हता. वडिलांबरोबर दुसऱ्या गावी गेला म्हणाले. पाइपामुळेच गेला असं मी म्हणत नाही, घरची ओढाताण होतीच. पण पाइपावर पाय मी दिला होता. हे मी आज पहिल्यांदा सांगतोय. सर, तुम्ही समोर बसला आहात, तुमच्यासमोरच सांगायचं होतं.

आबिद सुरतींचं पुढे काय झालं ते बऱ्याच जणांना माहीत नसेल. २००७ पासून, म्हणजे सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी मुंबईजवळ मीरा रोडला एक काम सुरू केलं. रविवारी एक प्लंबर आणि एक कार्यकर्ती बरोबर घ्यायची, इमारतीत घरोघरी जायचं आणि गळके नळ फुकट दुरुस्त करून द्यायचे. हे वाचलं तेव्हा मी हसलो. ज्याने नासुद लिहिलं तो शेवटी तिघांचं नासुद घेऊन लोकांच्या दारात उभा राहिला. आणि मग तो आमचा तुटका पाइप आठवला आणि हसू थांबलं.

मेळाव्याचं ठरलं तेव्हा मी त्याचा शोध घेतला. चिकलठाण्याकडे गॅरेज आहे त्याचं. फोन केला तर म्हणाला, "मी कशाला येऊ रे? मी दहावी तुमच्यासंगं कुठं केली? तुमच्या यादीत माझं नाव बी नाही." मी पाइपाचं सांगितलं. थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला माहीत होतं की. तू पायातली चप्पल तिथंच सोडून पळाला होतास."

तो आलाय. मागून तिसऱ्या रांगेत बसलाय, निळा शर्ट. वळून बघू नका, उठून जाईल. संयोजकांना एकच विनंती आहे. स्मरणिकेतली बॅचची यादी अजून छापायला गेलेली नाही. तिच्यात एक नाव वाढवा.