बादलीचं गणित

(अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी आज एका बादलीवर बोलणार आहे. हसू नका. पावसापाण्याचे आकडे मोजणं हाच माझा धंदा आहे.

स्युकुरो मानाबे नावाचा जपानी शास्त्रज्ञ. १९३१ चा जन्म. १९५८ साली अमेरिकेत गेला. १९६७ साली त्यानं आणि वेदराल्डनं हिशेब मांडला : हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी सुमारे २.३ अंशांनी तापेल. २०२१ साली त्याला फिजिक्सच्या नोबेलचा वाटा मिळाला.

१९६९ च्या त्याच्या मॉडेलात जमीन म्हणजे एक बादली. पंधरा सेंटिमीटर पाणी मावणारी. पाऊस पडला की भरते, ऊन तापलं की आटते, सांडलं ते नदीला. एवढ्या साध्या बादलीवर त्यानं साऱ्या पृथ्वीच्या पाण्याचा हिशेब घातला.

ही बादली आपल्याला काय सांगते? हवा एक अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त वाफ धरते. मग पाऊस येतो तो कोसळतच. बादली भरून वाहते, पाणी निघून जातं. मधल्या उघडिपीत ऊन उरलेलं पिऊन टाकतं. म्हणजे वर्षाचा पाऊस सरासरीइतका पडूनही माती तहानलेलीच राहते.

सरासरी! इथंच माझं डोकं सटकतं. आजच्या जागतिक मॉडेलांतही एक चौकोन बऱ्याचदा शंभरेक किलोमीटरचा. त्यात ऊसवाला बागाईतदार आला, गावठाण आलं, महारवाडा आला, मांगवाडा आला. सगळ्यांना मिळून आकडा एक.

१९७२ च्या दुष्काळात माझी आई विहिरीपासून लांब हंडा ठेवून बसायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. विहिरीत पाणी होतं, दोस्तांनो. आईच्या हंड्यात नव्हतं. हा फरक कुठल्या बादलीत मोजणार?

महाडचं चवदार तळं तरी कुठं कोरडं होतं? २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली ती भरल्या तळ्यातून. ती टंचाई आभाळानं पाडलेली नव्हती.

म्हणून काय मॉडेल फेकून द्यायचं? अजिबात नाही. तळ्यावर गेलेले तेच बाबासाहेब पुढं व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. दामोदर खोऱ्याच्या योजनेत त्यांनी लक्ष घातलं. त्यांच्याच काळात, १९४५ साली, केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग उभा राहिला. हक्क मागणारा माणूस नद्यांचे आकडेही वाचत होता.

आपण मात्र मोर्चात पुढं आणि गणिताच्या तासाला दांडी. हे चालणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. असे उन्हाळे पुन्हा येतील. तेव्हा पाणी किती, हे मॉडेल सांगेल. कुणाच्या हंड्यात किती, हे आपणच वस्तीवस्तीत जाऊन मोजायला हवं, आणि तो आकडा साहेबाच्या टेबलावर आपटायला हवा.

पुढच्या रविवारी वह्या घेऊन या. सुरुवात आपल्याच वस्तीच्या नळापासून करू.

जयभीम.