केळना-जुईची प्रदक्षिणा आणि एक अपुरा हिशेब

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



पंचवीसपैकी पंधरा वर्षं मी या सोसायटीचा खजिनदार होतो. त्यामुळे माझ्या हातात माइक आला, की लोकांना वाटतं आता थकबाकीची यादी वाचणार. घाबरू नका. आज मी एका फेरफटक्याबद्दल बोलणार आहे.

गेल्या हिवाळ्यात आपण चौदा जण असईला गेलो होतो. भल्या सकाळी जालन्याहून निघालो, राजूरच्या गणपतीचं दर्शन घेतलं, भोकरदनला चहा झाला आणि पुढे गाडी सोडून पायी चाललो. इंग्लंडात म्हणे नदीकाठानं, जुन्या गावांतून फिरून निघाल्या जागी परत यायच्या वाटा आखलेल्या असतात. आपल्याकडे पाट्या नाहीत, पण वाट आहे. पिंपळगावातून केळना ओलांडून वरुडला गेलो, तिथून बांधाबांधानं जुई नदीवरच्या असईला. मग जुईच्या काठानं दोन्ही नद्यांच्या संगमापर्यंत आणि केळनेच्या काठानं परत. दोन्हीकडे कपाशी आणि तूर, नदीत कुठे घोटाभर पाणी, कुठे नुसती वाळू.

याच दोन नद्यांच्या बेचक्यात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईची लढाई झाली. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले, दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा आर्थर वेलस्ली. दोनच दिवस आधी आपल्या बदनापूरला वेलस्ली आणि कर्नल स्टीव्हन्सन भेटले होते. दोघांनी दोन वाटांनी जायचं आणि २४ तारखेला मिळून हल्ला करायचा, असं ठरलं होतं. पण मराठ्यांचा तळ वेलस्लीला आदल्याच दिवशी समोर दिसला आणि तो एकटाच पुढे सरसावला.

आता गंमत बघा. मध्ये केळना. वाटाडे म्हणाले, इथे नदीला उतार नाही. वेलस्लीनं पाहिलं, की दोन काठांवर दोन गावं समोरासमोर आहेत. मग मध्ये उतार असणारच, असं त्यानं ताडलं. माणूस पाठवून खात्री केली आणि तिथूनच फौज पार नेली. वरुडच्या पारावर एका आजोबांना आम्ही ही गोष्ट सांगितली. ते हसले. "मंग काय! ह्या गावच्या लेकी त्या गावात दिलेल्या. त्या काय उडून जात व्हत्या?"

उतार सापडला, तरी लढाई सोपी नव्हती. शिंद्यांच्या कवायती पलटणी पोलमन नावाच्या जर्मन अधिकाऱ्याच्या हाताखाली होत्या. त्यांनी झटपट तोंड फिरवून नदी ते नदी अशी नवी फळी उभी केली. आणि गोलंदाज! मुलांनो, क्रिकेटमधले नव्हेत, तोफा डागणारे. इंग्रज पलटण अंगावर आली, तरी त्यांनी तोफा सोडल्या नाहीत. संगिनी खाऊन तिथेच पडले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि फळी पुढे सरकल्यावर उठून त्यांनी पाठीमागून तोफा डागल्या. असईकडे चुकून सरकलेली ७४ वी हायलँडर पलटण तर जवळजवळ कापली गेली.

वेलस्ली जिंकला. पुढे तोच ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला, १८१५ मध्ये वॉटर्लूला त्यानं नेपोलियनला हरवलं. तरी म्हातारपणी, तुमची सर्वांत चांगली लढाई कोणती, असं विचारल्यावर त्यानं असईचंच नाव घेतलं.

मी पडलो हिशेबाचा माणूस. इंग्रजांचा हिशेब चोख आहे: ४२८ ठार, १,१३८ जखमी, १८ बेपत्ता. अठरा बेपत्तासुद्धा मोजलेले! आपल्या बाजूचे किती पडले? नुसते अंदाज. तोफेला मिठी मारून मेलेल्या त्या गोलंदाजांपैकी एकाचंही नाव मला कुठे वाचायला मिळालं नाही. संगमावर बसून दशम्या खाताना हे मनात आलं आणि घास फिरायला लागला. ज्यानं लिहून ठेवलं त्याचं राहिलं. आपल्याकडची माणसं शौर्यात कमी नव्हती, पण त्यांची नोंद कुणी जपली नाही.

परत आल्यावर मी आपली जुनी दप्तरं काढली. २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरला किती पैसे दिले, ते माझ्याच अक्षरात पैशापर्यंत लिहिलेलं आहे. पण रात्री दोन वाजता टँकर आला, की उठून घरोघर हंडे भरून देणारा आपला वॉचमन? मी त्याचा पगार लिहिला, "वॉचमन" असं लिहून. नाव लिहिलं नाही. ही चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही.

म्हणून कार्यकारिणीला एकच विनंती. दप्तरात एक नवी वही घाला. वॉचमन, सफाईवाल्या मावशी, पहिला प्लंबर, आपल्यातून गेलेले सभासद, सगळ्यांची नावं त्यात लिहू या. ज्याला जे आठवतं ते त्यानं सांगावं, अक्षर माझं.

आणि यंदा थंडी पडली, की पुन्हा असईला जाऊ. या वेळी मुलांना पुढे चालू द्या. केळनेचा उतार त्यांना शोधू दे.