उपद्रव घराचा कीं घरमालकाचा?

(चाळकऱ्यांच्या सभेंत झालेलें भाषण)



शहराचे जुने नियम बदलावयाचे अशी बातमी आली कीं आपल्या पोटांत गोळा उठतो. त्याला कारण आहे. 'सार्वजनिक उपद्रव' ही पाटी आजवर गरिबाच्या दारावरच लागत आली आहे. इ. स. १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला. १८९८ सालीं शहर सुधारण्यासाठीं इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें दाट वस्तीच्या चाळी पाडल्या, पण आरंभींच्या काळांत पाडलीं तेवढीं घरें बांधलीं नाहींत. घाण होती हें कबूल. परंतु भाडें खाल्लें मालकानें आणि घर गेलें मजुराचें! म्हणून मी म्हणतों, नियम अवश्य बदला. पण उपद्रव कोण करतो हें आधीं ठरवा.

मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा. पडावयास आलेली इमारत पाडण्याची, सांवरण्याची किंवा दुरुस्त करण्याची नोटीस ३५४ व्या कलमानें 'मालकास किंवा रहिवाशास' देतां येते. तीस वर्षें झालेल्या इमारतीची इंजिनियराकडून तपासणी करवून घेण्याचें ३५३-ब कलम आहे. तेथेंही मालक 'किंवा' रहिवासीच. मंडळी, सारी मेख या 'किंवा'मध्यें आहे. मालक परगांवीं असतो, वारसांचे दावे चालू असतात. रहिवासी मात्र जागच्या जागीं सांपडतो, कारण त्याला जावयास दुसरी जागा नाहीं. मग जबाबदारी कोणाच्या गळ्यांत पडते, हें तुम्हांस सांगावयास नको.

मालक म्हणतो, जुन्या भाड्यांत चुन्याचाही खर्च निघत नाहीं. त्यांत तथ्य आहे. म्हणून तर १९६९ सालीं दुरुस्तीसाठीं उपकर बसला आणि १९,६४२ इमारती त्याखालीं आल्या. त्या उपकराचा भार भाडेकरूही उचलतो. पैसे भरावयाचे त्यानें आणि छप्पर डोक्यावर पडावयाचें तेंही त्याच्याच, हा कुठला न्याय?

आतां शिक्षा पाहा. १८६० च्या पिनल कोडानें नुसतें वाईट कृत्यच नव्हे, तर कायद्यानें लादलेलें कर्तव्य टाळणें हेंही उपद्रवांत धरलें होतें. व्याख्या चांगली, पण ज्या उपद्रवास वेगळी शिक्षा सांगितलेली नाहीं, त्यास दंड २०० रुपयांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, आणि दंड किती झाला? १,००० रुपयांपर्यंत! शेंकडों जीव टांगणीला लावणाऱ्या धनवंताला या दंडाची काय भीति?

आणि मालक खासगीच असतो असें नाहीं. २७ सप्टेंबर २०१३ रोजीं सकाळीं माझगांवांत बाबू गेनू मंडईची इमारत कोसळली. ६१ माणसें मेलीं. १९३० सालीं परदेशी कापडाच्या मोटारीखालीं प्राण देणाऱ्या गिरणी कामगाराचें नांव त्या इमारतीला होतें. मालक होती खुद्द महापालिका. आंत राहत होतीं तिच्याच नोकरांचीं कुटुंबें. नोटीस देणारा आणि घेणारा एकच असला म्हणजे त्याला जाब कोण विचारणार?

पालिका म्हणेल, तिजोरींत पैसा नाहीं. ही सबब जुनी आहे. रतलाम शहरांत उघडीं गटारें आणि घाण यांस कंटाळून एका वस्तींतील लोक मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिकेनें पैशाची अडचण सांगितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचलें, आणि १९८० सालीं न्यायमूर्ति कृष्ण अय्यर यांनीं ती सबब झिडकारली. लोकांच्या आरोग्याचें कर्तव्य रिकाम्या तिजोरीच्या नांवावर टाळतां येत नाहीं, हा त्या निकालाचा अर्थ.

तेव्हां नव्या नियमांत चार गोष्टी असाव्यात. पहिली, 'किंवा' काढून पहिली जबाबदारी मालकाची ठरवावी. तो न सांपडल्यास पालिकेनें दुरुस्ती करून खर्च त्या मिळकतीवर चढवावा. दुसरी, दंड दिवसागणिक व मिळकतीच्या किंमतीच्या मानानें असावा. तिसरी, खोली सोडण्यापूर्वीं प्रत्येक कुटुंबाचें नांव आणि खोलीचें माप लिहून त्याची नक्कल त्याच्या हातीं द्यावी. रहिवाशांची व जागेची यादी करण्याविषयीं मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं सांगितलेंच आहे, तें नियमांत पक्कें व्हावें. चौथी, पालिकेच्या स्वतःच्या इमारतींची तपासणी तिच्या नोकरांनीं नव्हे, तर बाहेरच्या इंजिनियरांनीं करावी आणि अहवाल चाळीच्या दाराशीं मराठींत लावावा.

आपल्या बाजूचेंही बोलतों. खोली वाढविण्यासाठीं भिंत फोडणारा, जिन्यांत सामान रचणारा आपल्यांतलाच असला तरी त्याला पाठीशीं घालूं नका. आणि नोटीस आली कीं ती देव्हाऱ्यामागें खोंचून ठेवूं नका. वाचतां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्या, तारीख लिहून ठेवा, शेजाऱ्यांस जमवा. कागद न वाचल्यानें आपल्या वाडवडिलांच्या जमिनी गेल्या. आपल्या हातून खोल्या तरी जाऊं नयेत, एवढेंच माझें सांगणें आहे.