आभाळाचा फोटो, थोड्या पैशांत
(रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



परवा एक बाई मला वाटेत भेटल्या. म्हणाल्या, "गुरुजी, पोराला ताऱ्यांचे फोटो काढायचेत. मोठा कॅमेरा पाहिजे म्हणतो. दोन शेळ्या विकू म्हणतो. काय करू?"

मी म्हणालो, "बाई, शेळ्या राहू द्या. पोराला वर्गाला पाठवा." तो आज इथे बसला आहे. त्याला सांगायचे ते मी सर्वांनाच सांगतो.

ताऱ्यांच्या फोटोला आधी अंधार लागतो. शहरात दिव्यांच्या उजेडाने आभाळ पांढुरके होते. तिथे भारी कॅमेराही अडतो. आपल्या शिवारात अंधार फुकट आहे. अमावास्येच्या आगेमागे जा. पंचांग आपल्या घरात असतेच. थंडीत मृग आणि कृत्तिका पाहा. चैत्र-वैशाखात मध्यरात्रीनंतर दक्षिणेकडे वृश्चिक पाहा. आकाशगंगेचा दाट पट्टा त्याच्या शेजारीच आहे. जाताना पायात जोडा आणि हातात बॅटरी असू द्या. रात्र विंचूकाट्याची असते.

आता यंत्र. घरातला फोन घ्या. त्याची काच मऊ फडक्याने पुसा. कॅमेऱ्यात 'प्रो' असे असेल तर ते उघडा. वेळ १५ सेकंद ठेवा. 'आयएसओ' १६०० ठेवा. नजर सगळ्यांत लांबची ठेवा. 'प्रो' नसेल तर 'नाइट' वापरा.

फोन हातात धरू नका. हात हलतो, तारा फिसकटतो. बाजरीची अर्धी भरलेली पिशवी घ्या. बाजेवर ठेवा आणि फोन तिच्यात रुतवा. बोट लावले तरी फोन हलतो. म्हणून १० सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असे लावा. झाले! खर्च काहीच नाही.

तुम्ही विचाराल, १५ सेकंदच का? एक मिनिट का नको? अहो, पृथ्वी फिरते ना! त्यामुळे तारे ४ मिनिटांत १ अंश सरकतात. जास्त वेळ ठेवले तर ठिपक्याची रेघ होते. यावरही स्वस्त तोड आहे. एकाच जागेचे वीस-तीस फोटो काढा. संगणकावर ते एकावर एक बसवता येतात. त्यासाठी 'सिक्वेटर' नावाची सोय फुकट मिळते. फोटोतली रवाळ घाण कमी होते.

दुसरी तोड आपल्या सुताराच्या हातची आहे. जॉर्ज हेग नावाच्या गृहस्थांनी १९७५ साली ती मासिकात छापली. दोन फळ्या घ्या. एका कडेला बिजागरीने जोडा. १ मिलिमीटर आट्याचा, ६ मिलिमीटर जाडीचा बोल्ट घ्या. बिजागरीच्या खिळीपासून २२.९ सेंटिमीटरवर खालच्या फळीत नट बसवा. त्यातून बोल्ट वर येऊन वरची फळी उचलतो.

बिजागरी पश्चिमेला ठेवा. तिची रेघ ध्रुवताऱ्याकडे रोखा. आपल्याकडे ध्रुव उत्तरेला क्षितिजापासून सुमारे दोन मुठी वर असतो. मूठ हात लांब करून मोजायची बरे का! वरच्या फळीवर कॅमेरा हवा तिकडे वळवून घट्ट बसवा. घड्याळ पाहत बोल्ट मिनिटाला एक फेरा फिरवा. जेवढे आभाळ सरकते, तेवढीच फळी उघडते. तारा जागच्या जागी राहतो. यात खर्च फळी, बिजागरी आणि बोल्ट एवढाच.

एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा. दुर्बिणीतून किंवा कॅमेऱ्याच्या भिंगातून सूर्याकडे पाहू नका. डोळा जातो, तो परत येत नाही.

आता त्या मुलाला सांगतो. बाबा, वर्षभर फोनवर हात बसव. कोणत्या महिन्यात कोणते नक्षत्र कुठे असते, ते वहीत लिही. हौस टिकली तर जुना, वापरलेला कॅमेरा बघ. घेण्याआधी भिंग उजेडाकडे धर. आत बुरशीची जाळी दिसली तर घेऊ नको. पैसे साठवून घे. कर्ज काढू नको, शेळ्याही विकू नको. घरचे दूध तुटले तर रात्रीच्या जागरणाला बळ कुठले?

येत्या अमावास्येला शाळेमागच्या माळावर जमू या. फोन आणा, बाजरीची पिशवी आणा. पहिला फोटो काळा निघेल. दुसरा हललेला निघेल. तिसऱ्यात मृग ओळखता आला तर मला दाखवा.

एवढे बोलून मी थांबतो.