मेंढीच्या मेंदूची लस आणि घरातलाच हल्ला

झाशी-कानपूर रस्त्यावरचं मोठ हे गाव असो की आपल्याकडचं एखादं खेडं, पिसाळलेलं कुत्रं चावल्याची बातमी आली की जुन्या माणसांना पोटातली चौदा इंजेक्शनं आठवतात. ती लस डेव्हिड सेम्पल यांनी १९११ मध्ये कसौलीला तयार केली. मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवायचा, तो मेंदू वाटायचा, कार्बोलिक ॲसिडने विषाणू मारायचा आणि ते मिश्रण माणसाला टोचायचं. गोरगरिबांना दुसरा आधार नव्हता.

काही जणांवर मात्र ती उलटे. आठवड्या-दोन आठवड्यांत ताप चढे, डोकं दुखे, पायांतलं बळ जाई, लघवी अडे. हा रेबीज नव्हता. मेंढीच्या मेंदूविरुद्ध चवताळलेली प्रतिकारशक्ती रोग्याच्या स्वतःच्या मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण सोलून काढत होती.

न्यूयॉर्कमध्ये १९३३ साली थॉमस रिव्हर्स यांनी सशाचा निरोगी मेंदू माकडांना पुन्हा पुन्हा टोचला. काही माकडं लुळी पडली. विषाणूशिवायही मेंदूचा घात होतो, हे त्यातून दिसलं. मल्टिपल स्क्लेरोसिस या रोगातही मायलिन असंच सोललं जातं; त्याचं बरंचसं संशोधन आजही याच वाटेने, पण उंदरांवर चालतं.

याच उंदरांनी जीएम-सीएसएफ या वाढघटकाचं दुसरं रूप दाखवलं. अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी वाढवणं हे त्याचं ओळखीचं काम. केमोथेरपीनंतर तो औषध म्हणूनही देतात. पण २०११ मध्ये झ्युरिक आणि फिलाडेल्फियाच्या संशोधकांनी दाखवलं, की प्रतिकारशक्तीच्या टी-पेशींना तो बनवता आला नाही, तर उंदरांना हा मायलिन सोलणारा आजार जडत नाही. मेंदूत शिरलेल्या टी-पेशी तो सोडतात, त्याच्या चिथावणीने रक्तातल्या मोनोसाइट पेशी आक्रमक होतात आणि मायलिनची नासधूस होते.

या सगळ्याची सुरुवात जिथून झाली, ती मेंढीच्या मेंदूची लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली, हे फार उशिरा झालं. आजची लस दंडात टोचतात, तिच्यात मेंदूचा अंशही नसतो. म्हणून जुन्या भीतीपोटी कुणी जखमेला मिरची लावत किंवा मांत्रिकाकडे जात असेल, तर त्याला हाताला धरून दवाखान्यात न्या. जखम आधी साबणाने पंधरा मिनिटं धुवा.

आणि तो वाढघटक? जीएम-सीएसएफला अडवणाऱ्या प्रतिपिंडाची छोटी चाचणी मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांवर झाली आहे. पण हा वाढघटक साफ बंदही करता येत नाही. फुप्फुसं स्वच्छ ठेवणाऱ्या पेशी त्याच्याच जिवावर काम करतात.